फाळक्याखालची पट्टी

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, धुळे
मा. जिल्हाधिकारी, जळगाव
(अध्यक्ष, जिल्हा रस्ता सुरक्षा समिती)



माझं वर्कशॉप धुळ्याच्या बाहेर, मुंबई-आग्रा महामार्गाला लागून आहे. ट्रकच्या बॉडीचं काम करतो. फाळके, हौदे, अँगल, चॅनेल, पत्रा. एकतीस वर्षं झाली. शेडच्या मागे भंगाराचा ढीग आहे आणि त्या ढिगाला टेकवून अकरा लोखंडी पट्ट्या उभ्या आहेत. एकेक पट्टी सात-साडेसात फुटांची. परवा मोजल्या म्हणून आकडा सांगतो. या पट्ट्या ट्रकच्या मागे, फाळक्याच्या खाली, आडव्या बसवलेल्या असतात. आम्ही तिला गार्ड म्हणतो, कुणी मागचा बंपर म्हणतं. या अकराही मीच गॅस कटरने कापल्या. डंपर हौदा उचलतो तेव्हा वाळूच्या ढिगात ती अडकते, खडीवर वाकते, शेतातल्या चाकोरीत घासते. मालक म्हणतो, काढून टाक. दहा मिनिटांचं काम. निघताना मालक म्हणतो, ‘राहू दे तुझ्याकडेच, पासिंगला लागेल.’ आणि खरंच, काही जण पासिंगच्या आदल्या दिवशी येतात, दोन टाके मारून पट्टी बसवून नेतात आणि चौथ्या दिवशी काढायला परत येतात.

हे पत्र या पट्टीबद्दल आहे. रस्ता सुरक्षा सप्ताह, शाळांच्या प्रभातफेऱ्या, हेल्मेटची रॅली, सगळं व्हावं. पण मला ज्यातलं कळतं त्यावरच बोलतो.

सहा वर्षांपूर्वी डिसेंबरात रात्री अडीचच्या सुमाराला फोन आला. गॅस कटर घेऊन या. अपघात झाला की मला असे फोन येतात, कारण क्रेनवाल्याकडे कटर असेलच असं नाही. पारोळ्याच्या अलीकडे एक दहाचाकी डाव्या लेनमध्ये उभी होती. एक्सल गेलेला, बॅटरी उतरलेली, मागचा एकही दिवा चालू नाही. दहा पावलांवर रस्त्यात तीन दगड आणि निंबाची एक फांदी. ट्रकच्या पोटात एक छोटी गाडी. गावातली चार-पाच माणसं ब्लँकेट गुंडाळून उभी होती, नवीन आलेला प्रत्येक जण ‘काय व्हयनं, भो?’ विचारत होता आणि उत्तर कुणी देत नव्हतं.

कटर पेटवता आला नाही, पेट्रोलचा वास होता. साखळी लावून, पहारी घालून गाडी ओढली. ती बाहेर आली तेव्हा जे दिसलं ते सांगण्यासाठी हा सगळा प्रसंग लिहिला. गाडीचा पुढचा बंपर जवळपास शाबूत होता. नंबर प्लेट सरळ. एका हेडलाइटची काचसुद्धा फुटली नव्हती. बॉनेटवर फक्त लांबलचक ओरखडे. एअरबॅग उघडली नव्हती. आणि काचेपासून वरचं काहीही उरलं नव्हतं. मागच्या सीटवर भरिताच्या वांग्यांची पिशवी होती, बामणोदकडची असावीत, पांढरट हिरवी, मोठी. त्या वांग्यांना ओरखडा नव्हता. पुढच्या दोघांबद्दल लिहीत नाही.

ट्रकच्या चेसिसला दोन्ही बाजूंनी पट्टीचे कापलेले ठोकळे होते. कापणारा हात माझा नव्हता, हे मी टॉर्च मारून बघून घेतलं. वेल्डरला दुसऱ्याचं कटिंग ओळखू येतं. सुटलो असं वाटलं आणि मग त्या सुटल्यासारखं वाटण्याचीच लाज वाटली.

साहेब, लोक म्हणतात की ट्रकपुढे कार म्हणजे हत्तीपुढे मुंगी. खरं आहे, पण अर्धंच. वजनाचं गणित वेगळं आणि उंचीचं वेगळं. आधी वजनाचं सांगतो.

माझी सून ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. एकदा जेवताना तिला विचारलं, समोरासमोर धडक झाली तर नेमकं होतं काय? तिने वजनकाट्याची जुनी पावती घेतली आणि तिच्या मागे हिशेब मांडला. दहाचाकी ट्रक भरून साडेअठ्ठावीस टन. हा कायद्यातला आकडा. २०१८ साली केंद्राने तो २५ वरून २८.५ केला, आणि त्या वर्षी आमच्याकडे पाटे वाढवायला रांग लागली होती. ब्रेकचा ड्रम मोठा करून द्या असं म्हणत मात्र एकही मालक आला नाही. समोरून येणारी कार माणसांसकट एक टन. दोघांचाही वेग ताशी ६०. धडकेनंतर ट्रक कारला घेऊन त्याच दिशेने पुढे जात राहतो, ताशी ५६ च्या वेगाने. म्हणजे ट्रकचा वेग फक्त चारने कमी झाला. ड्रायव्हरला गतिरोधकावरून गेल्याइतकं जाणवेल. कारचं काय? ती ६० ने पुढे येत होती आणि क्षणात ५६ ने मागे ढकलली जाऊ लागली. तिच्या वेगात ११६ चा फरक पडला.

मी म्हटलं, ११६ म्हणजे किती, हे मला कळेल असं सांग. तिने पुन्हा आकडे मांडले. या वेगाने जमिनीवर आदळायचं तर ५३ मीटरवरून पडावं लागेल. एका मजल्याला तीन मीटर धरले तर सतरा मजले आणि वर थोडं. ती माहेरची जळगावची, त्यामुळे ‘सतरा मजली’ म्हणताना दोघांच्याही डोळ्यांसमोर एकच इमारत आली, जळगाव महापालिकेची. तीच धडक दोन सारख्या कारमध्ये झाली असती तर प्रत्येकीच्या वेगात ६० चाच फरक पडला असता, म्हणजे साधारण पाचव्या मजल्यावरून पडल्यासारखं. तेही वाईटच, पण सीट बेल्ट आणि एअरबॅग असेल तर माणूस वाचू शकतो. सतराव्या मजल्यावरून कुठली एअरबॅग वाचवणार?

२ फेब्रुवारी २०२० ची रात्र आपल्या कार्यालयाच्या नोंदीत असेल. यावल तालुक्यात हिंगोण्याजवळ डंपर आणि क्रूझर समोरासमोर आले. लग्नाच्या रिसेप्शनहून परतणारी माणसं, १० जण गेले. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर हा केळीचा रस्ता. रावेर, सावदा, फैजपूरहून संध्याकाळी केळीच्या गाड्या भरून निघतात आणि त्याच वेळी वऱ्हाडाच्या क्रूझर, पिकअप, रिक्षा त्याच रस्त्यावर. त्याआधी, ऑगस्ट २०१९ मध्ये, दोंडाईचा-शहादा रस्त्यावर निमगूळजवळ एसटी आणि कंटेनर धडकले. एसटी काही लहान गाडी नव्हे, तरी दहाहून जास्त माणसं गेली. आणि ४ जुलै २०२३ ला शिरपूर तालुक्यात पळासनेरला मध्य प्रदेशाकडून उतरत आलेला कंटेनर वाटेतल्या गाड्या उडवत बस थांब्याजवळच्या हॉटेलात घुसला. कमीत कमी १० मृत्यू. बातमी आली, ब्रेक फेल.

‘ब्रेक फेल’ हा शब्द आमच्या धंद्यात फार सोयीचा आहे. एरवी ब्रेक दरवाजासारखा कधी उघडा, कधी बंद नसतो. भरलेली गाडी लांब उतारावर ब्रेक दाबत दाबत आणली की लायनर तापतात, ड्रम फुगतो आणि पाय दाबूनही पकड येत नाही. त्यात डिझेल वाचवायला न्यूट्रल मारलेलं असेल तर इंजिनाचा धरून ठेवणारा हातही सुटलेला असतो. बिजासनी घाट उतरून येणाऱ्या गाड्यांच्या ड्रमला हात लावून बघा म्हणणार नाही, भाजेल. कन्नड घाटातून जड वाहनं २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने बंद केली, त्यामुळे चाळीसगावकडचा ताण गेला. पण वजन उतरत नाही, ते दुसऱ्या रस्त्यावर जातं.

वजनाचं गणित आपण दोघं बदलू शकत नाही. माल जाणारच, दहाचाकी साडेअठ्ठावीस टनांचीच राहणार. समोरासमोरच्या धडका दुभाजकाने कमी होतात, म्हणून फागणे ते तरसोदचं चौपदरीकरण किती वर्षं चाललं तरी लोकांनी धीर धरला. पण दुभाजक पाठीमागची धडक थांबवत नाही. उलट रस्ता सरळ, गुळगुळीत झाला की कारचा काटा ८० च्या खाली येत नाही आणि पुढे उभा किंवा चाळीसने रांगणारा ट्रक अचानक समोर येतो. २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. केंद्राच्याच अहवालातला आकडा आहे, आणि त्याच अहवालात टकरींच्या प्रकारांमध्ये सगळ्यांत मोठा वाटा मागून बसलेल्या धडकेचा आहे.

आता उंचीचं गणित, माझ्या हातातलं.

कार बनवणारे लोक पुढच्या भागावर अक्कल खर्च करतात. बंपर, त्यामागचे बीम, बॉनेट हे सगळं मुद्दाम चुरगळावं असं बनवलेलं असतं. ते चुरगळताना धक्का खातं आणि आतली माणसं बसतात तो पिंजरा शाबूत राहतो. धडक जाणवणारे सेन्सरही तिथेच. म्हणजे गाडीचं सगळं संरक्षण जमिनीपासून दीड ते तीन फुटांच्या मधे आहे. मी टेप घेऊन दारातल्या बाराचाकीची मागची चेसिस मोजली, सव्वातीन फूट. माझ्या अल्टोचं बॉनेट काचेपाशी तीन फूट. त्याच गाडीच्या सीटवर बसून बायकोला डोळ्यांची उंची मोजायला लावली, पावणेचार. आपल्या लक्षात आलं असेल. पट्टी नसेल तर बॉनेट सरळ चेसिसखाली जातं, चुरगळायला समोर काहीच येत नाही, सेन्सरला धडक कळत नाही किंवा उशिरा कळते, आणि ट्रकला पहिल्यांदा लागते ती काचेची चौकट. त्या डिसेंबरात बंपर शाबूत का होता त्याचं उत्तर हे. स्वस्तातली गाडी असो की पंचवीस लाखांची, पाच तारे मिळालेली असो की एकही नाही, त्या उंचीवर सगळ्या सारख्याच. १४ ऑगस्ट २०२२ च्या पहाटे शिवसंग्राम संघटनेचे नेते विनायक मेटे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर माडप बोगद्याजवळ गेले, तेव्हा त्यांची दणकट एसयूव्ही पुढच्या ट्रकवरच आदळली होती.

  

ही गोष्ट जगाला नवी नाही. अमेरिकेत जून १९६७ मध्ये जेन मॅन्सफिल्ड नावाची सिनेनटी अशीच ट्रेलरखाली गाडी जाऊन गेली आणि तिकडचे ट्रकवाले त्या पट्टीला आजही मॅन्सफिल्ड बार म्हणतात. आपल्याकडेही कायदा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२४ वा नियम आणि भारतीय मानक १४८१२. रिकाम्या गाडीत पट्टीची खालची कड जमिनीपासून ५५० मिलिमीटरपेक्षा वर नको, म्हणजे ५५ सेंटिमीटर, म्हणजे गुडघ्याच्या जरा वर. पट्टीने ठरलेला दाब झेलला पाहिजे, नुसता पाइप लटकवून चालत नाही. कारखान्यातून गाडी येते तेव्हा बहुतेकदा ती बरोबर असते. ती जाते माझ्यासारख्यांच्या शेडमध्ये.

कायद्यात रेडियमसुद्धा आहे. मागे लाल, बाजूला पिवळी, पुढे पांढरी पट्टी. मी बघतो त्यातल्या अर्ध्याअधिक गाड्यांचं रेडियम एकतर धुळीने मेलेलं, नाहीतर ताडपत्रीच्या टोकाखाली झाकलेलं. कापसाच्या दिवसांत तर माल दोन्ही बाजूंनी इतका फुगलेला असतो की टेल लॅम्प त्याच्या सावलीत. डिपरवर चालणाऱ्या कारला चाळीस-पन्नास मीटर नीट दिसतं. ऐंशीच्या वेगात माणूस सेकंदाला २२ मीटर जातो. दिसणं आणि पाय ब्रेकवर पडणं यात दीड सेकंद धरला तर तेहेतीस मीटर तिथेच संपले, आणि चांगल्या रस्त्यावर, चांगल्या टायरला थांबायला आणखी पस्तीस लागतात. बेरीज करून बघा. दिवे नसलेला, रेडियम नसलेला ट्रक दिसतो त्याच क्षणी उशीर झालेला असतो, मग ड्रायव्हर कितीही सावध असो. म्हणून ‘झोप लागली असेल’, ‘पिलेला असेल’ हे मेलेल्या माणसाबद्दल बोलणं मला पटत नाही. असतातही तसे, पण सगळे नसतात.

त्या दगडांबद्दलही दोन शब्द. गाडी बिघडली की ड्रायव्हर दगड आणि फांदी लावतो. सुटली की गाडी निघून जाते, दगड तिथेच राहतात, आणि पहाटे त्या दगडांवर मोटरसायकल पडते. वाहनाबरोबर लाल त्रिकोण ठेवायचा असतो. माझ्याकडे येणाऱ्या ड्रायव्हरांना मी विचारतो, त्रिकोण कुठाय? ‘पेटीत आहे, मालक म्हणतो हरवेल.’ पेटीला कुलूप असतं आणि किल्ली मालकाकडे.

ड्रायव्हरांच्या माथी सगळं मारायचं नाही, हे स्पष्ट लिहितो. मे महिन्यात भुसावळ-जळगाव पंचेचाळीसवर जातं, कॅबिनमध्ये इंजिनाची धग वेगळी. म्हणून गाड्या रात्री चालतात, आणि लग्नसराईतली कुटुंबंही उन्हामुळे रात्रीच निघतात. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकच्या कॅबिनला एसीची सक्ती झाली, चांगलं झालं. पण रस्त्यावर धावतायत त्या जुन्या गाड्या, आणखी पंधरा वर्षं धावतील. ड्रायव्हरने थांबायचं कुठे? धुळ्याला गुरुद्वाऱ्यापाशी जागा मिळते, लंगरही मिळतो. पुढे मुकटी, पारोळा, एरंडोल, पाळधी, कुठे ढाबा असेल तर ठीक, नाहीतर पांढऱ्या पट्टीबाहेर दोन चाकं आणि आत आठ चाकं, असा ट्रक लावून तो झोपतो. कायद्याचं कलम १२२ सांगतं की धोका होईल असं वाहन उभं करायचं नाही. ड्रायव्हरला दंड करा, पण त्याला जागा तरी दाखवा.

तर मी मागतोय काय?

तीन टोलनाके घ्या. सोनगीर, शिरपूर, नशिराबाद. आठवड्यातून दोन रात्री, रात्री नऊ ते दोन. एक टेप, एक टॉर्च, दोन माणसं. ट्रकच्या मागे जाऊन फक्त तीन गोष्टी बघायच्या. पट्टी आहे का आणि ती ५५ सेंटिमीटरच्या खाली आहे का, तिला धरून जोर लावला तर हलते का, रेडियम टॉर्चमध्ये चमकतं का. गाडी पकडायची, चलान फाडायचं, हे नंतर. पहिल्या महिन्यात नुसती नोंद करा आणि आकडा दोन्ही जिल्ह्यांच्या वर्तमानपत्रांत छापा. किती ट्रक पाहिले, किती जणांच्या मागे पट्टी नाही. तो आकडा मला माहीत नाही, पण मी पैज लावायला तयार आहे की वाचून आपणच दुसऱ्या महिन्यात चलान पुस्तक मागवाल. वाळूचे डंपर टोलवर येत नाहीत, त्यांच्यासाठी गिरणा आणि तापीच्या घाटांवर जावं लागेल. तिथे काय काय अडचणी येतात ते आपल्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, म्हणून त्यावर बोलत नाही.

पासिंगच्या वेळी पट्टी बघतात, पण तिचे टाके बघत नाहीत. दोन टाक्यांची पट्टी आणि पक्की बसवलेली पट्टी यातला फरक हातोडीचा एक ठोका मारला की आवाजात कळतो. कुठल्या पासिंगला हे झालं, कुणी पास केलं, ते मी इथे लिहिणार नाही. हातोडी मात्र द्यायला तयार आहे.

आणि बिघडून उभ्या असलेल्या गाडीचं असं करा. महामार्गाचा १०३३ हा नंबर आहे, पण तो ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर नसतो. प्रत्येक ढाब्यावर, प्रत्येक पेट्रोल पंपावर हवेच्या मशीनपाशी तो मोठ्या अक्षरांत रंगवून घ्या. हिंदीत, मराठीत आणि गुजरातीत. सुरतेकडची वाहतूक आहे ही. क्रेन यायला किती वेळ लागला त्याची नोंद समितीच्या बैठकीत वाचली जावी. अपघात किती झाले हे वाचतात तसंच.

कारवाल्यांनाही सांगायचं आहे, पण ते आपल्या पत्रात कशाला. मागच्या सीटवरचा पट्टा लावा, ट्रकच्या मागे चिकटून चालू नका, डाव्या बाजूने घुसू नका, तिथे ड्रायव्हरला आरशात काहीच दिसत नाही. एवढं माझी सूनही मला सांगते आणि मी ऐकतो.

राहिल्या माझ्या शेडमागच्या अकरा पट्ट्या. त्यांच्या मालकांची नावं मी कुणाला देणार नाही, काही नावं तर मला आठवतही नाहीत. पण पट्टीवर मी खडूने गाडीचा नंबर लिहून ठेवायचो, त्यातले सात अजून वाचता येतात. हे पत्र छापून आलं तर त्या मालकांनी गाडी घेऊन यावं. पट्टी त्यांचीच आहे. मी ५५ सेंटिमीटरवर पक्की बसवून देईन, वेल्डिंगचे पैसे घेणार नाही. सकाळी नऊ ते रात्री आठ वर्कशॉप उघडं असतं, दुपारीही बंद नसतं. अमावास्येला मात्र येऊ नका, त्या दिवशी कुलूप असतं.

आपला,
एक वेल्डर, धुळे